न्याहारीच्या ताटातली मासळी: आक्षेप आणि उत्तर

मासे खाणाऱ्या मराठी घरात दुपारी बांगड्याची आमटी झाली, तर कोणी काही विचारत नाही. तोच बांगडा सकाळी आठ वाजता तव्यावर पडला, की घरातलेच कोणीतरी विचारते, "सकाळी सकाळी मासे?" हा प्रश्न प्रत्यक्षात एक निकाल असतो. न्याहारी म्हणजे पोहे, उपमा, इडली, साबुदाण्याची खिचडी. मासळी दुपारच्या नाहीतर रात्रीच्या पानावरची. हा निकाल इतका अंगवळणी पडला आहे की त्याला आधार काय, हे विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही. मला तो चुकीचा वाटतो, आणि आरोग्याच्या दृष्टीने नुकसानीचाही. म्हणून आधी प्रतिपक्षाचे म्हणणे नीट मांडतो आणि मग एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

पूर्वपक्ष

सकाळच्या मासळीविरुद्ध चार आक्षेप घेतले जातात. एक, ही आपली परंपरा नाही. दोन, आयुर्वेदाने मासळी जड ठरवली आहे आणि दुधाबरोबर तर निषिद्धच. सकाळी दुधाचा चहा होतोच, तेव्हा मासळी नको. तीन, रात्रभराच्या उपाशी पोटाला हलके अन्न हवे. चार, सकाळच्या घाईत मासे साफ कोण करणार आणि तो वास दिवसभर घरात कोण सहन करणार? या चार आक्षेपांत अलीकडे पाचव्या मताची भर पडली आहे. आरोग्याविषयी जागरूक असलेली नवी पिढी म्हणते, सकाळी मासे जरूर खावेत, पण धुरावलेला सॅमन, भाजलेल्या पावावर ठेवून. पहिली चार मते न्याहारीतून मासळी काढून टाकतात. पाचवे मत ती परत आणते, पण आपल्या किनाऱ्यावरची नव्हे.

परंपरा कोणाची?

तळकोकणात शेतावर राबणाऱ्या माणसाचा दिवस उजाडण्यापूर्वी सुरू होई आणि ऊन चढू लागले की उकड्या तांदळाची गरम पेज पुढे येई. पेजेला तोंडी लावायला कधी लोणचे असे, कधी चटणी, आणि पुष्कळदा निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. गोव्यात आदल्या दिवशीची माशांची कढी सकाळी मंद विस्तवावर आटवून घट्ट करतात. तिला स्वतंत्र नावच आहे, 'कालची कडी'. ती पेजेबरोबर खातात, पावाबरोबरही खातात. ठाणे-रायगडच्या आगरी-कोळी घरांत तांदळाच्या भाकरीबरोबर जवळा किंवा सुकट असते. घाटावरून समुद्र दिसत नाही, पण तिथल्या आठवडी बाजारातही सुकट-बोंबलाचे ढीग लागतात, आणि ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर सुकटीची चटणी घेऊन माणसे शेतावर जातात. ही सगळी न्याहारीच आहे. ती कष्टकऱ्यांची होती, म्हणून पाककृतींच्या पुस्तकांत तिला फारशी जागा मिळाली नाही, आणि पुस्तकांत नाही म्हणून ती परंपरेतही नाही असे आपण धरून चाललो.

आता ज्या पदार्थांना परंपरेचा मान मिळाला आहे, त्यांचे वय पाहू. पोहे जुने आहेत, यात शंका नाही. सुदाम्याच्या पुरचुंडीत तेच होते. पण आपल्या कांदेपोह्यांतली मिरची, बटाटा आणि शेंगदाणा ही तिन्ही मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज इथे आले त्यानंतरच ती भारतात रुजली, आणि 'बटाटा' हा शब्दच मुळी पोर्तुगीज आहे. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावाही दक्षिण अमेरिकेतला. तमिळनाडूतल्या सेलमचा साबुदाण्याचा धंदा उभा राहिला 1940 च्या दशकात. दूध-साखरेचा चहा सामान्य घरांत पोहोचला तो विसाव्या शतकात, चहाच्या व्यापाऱ्यांनी नेटाने केलेल्या प्रचारामुळे. शहरी नाश्त्याची आपली कल्पना घडवण्यात उडुपी उपाहारगृहांचा मोठा वाटा आहे, आणि ती शाकाहारी होती. या पदार्थांबद्दल माझ्या मनात आकस नाही. चांगले अन्न कुठूनही आले तरी आपले होते. पण वयाचाच निकष लावायचा, तर साबुदाण्याची खिचडी आत आणि सुकट-भाकरी बाहेर हा निवाडा टिकत नाही.

किनारा असलेल्या इतर देशांकडे पाहिले तरी हेच दिसते. म्यानमारमध्ये मोहिंगा, म्हणजे माशाच्या रश्शातल्या तांदळाच्या शेवया, ही घरोघरची न्याहारी आहे. मालदीवमध्ये टूना मासा, खोवलेला नारळ, कांदा आणि लिंबू एकत्र कालवून रोटीबरोबर खातात. त्याला मास हुनी म्हणतात. जपानी न्याहारीत भात, मिसोचे सार आणि भाजलेल्या माशाचा तुकडा असतो. इंग्रजांनी तर आपल्याच खिचडीत धुरावलेला मासा आणि उकडलेले अंडे घालून 'केजरी' केली आणि ती सकाळच्या टेबलावर मांडली. जिथे सकाळी जाळी आणि होड्या किनाऱ्याला लागतात, तिथे सकाळी मासे खाल्ले जावेत, यात आश्चर्य ते काय?

चरक काय म्हणतो?

आयुर्वेदाचा आधार घेणाऱ्यांनी मूळ ग्रंथ उघडावा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात नेहमी खाऊ नयेत अशा पदार्थांची यादी आहे आणि तिच्यात मासे आहेत, हे खरे. पण त्याच यादीत माशांच्या शेजारी दही आहे आणि उडीदही आहे. ज्याला या वचनावरून सकाळचा बांगडा नाकारायचा आहे, त्याने इडली, मेदूवडा आणि दही-पोहेही नाकारायला हवेत. शिवाय तिथला निषेध सवयीचा आहे, रोज उठून तेच खाण्याचा आहे. अध्यायाचे नावच 'मात्राशितीय': मात्रेत खावे, हा त्याचा विषय. वाळवलेले मांस जड, म्हणून त्याची सवय लावू नये, असेही तिथे सांगितले आहे. ते मी मान्य करतो, आणि म्हणूनच सुकी मासळी रोजची नसावी, प्रमाणात असावी, असेच माझेही म्हणणे आहे.

सत्ताविसाव्या अध्यायात माशांचे सामान्य गुण दिले आहेत: जड, उष्ण, मधुर, स्निग्ध, बल देणारे, वात कमी करणारे. मात्र तिथेच रोहित माशाला पचायला हलका आणि अग्नी वाढवणारा म्हटले आहे. म्हणजे 'मासे जड' हे सरसकट विधान चरकालाही मान्य नव्हते. त्याने जातीजातींत फरक केला.

राहिला दुधाचा प्रश्न. सव्विसाव्या अध्यायात मासे आणि दूध एकत्र घेऊ नये असे ग्रंथातले आचार्य आत्रेय सांगतात. मासा उष्ण वीर्याचा, दूध शीत वीर्याचे, हे त्यांचे कारण. त्यावर भद्रकाप्य नावाचे ऋषी म्हणतात की चिलिचिम नावाचा एक मासा सोडून बाकी सगळे दुधाबरोबर चालतील. आत्रेय ते खोडून काढतात. आपल्या सर्वांत मान्य वैद्यकग्रंथातच या विषयावर खंडन-मंडन झाले आहे, आणि निर्णय आहे तो संयोगाविषयी. सकाळी मासे खाऊ नयेत असे या तिन्ही ठिकाणी कुठे नाही. ज्यांना आत्रेयांचा निर्णय पाळायचा आहे, त्यांनी माशाबरोबर चहा कोरा घ्यावा, किंवा सोलकढी घ्यावी. तिच्यातले दूध नारळाचे असते. मासे-दुधाने कोड उठते, ही समजूत मात्र सोडून द्यावी. कोड होते ते त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट झाल्यामुळे, आणि त्यामागे शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा असते.

जड काय असते?

तिसरा आक्षेप अनुभवाचा आहे, म्हणून तो अधिक गंभीरपणे घ्यायला हवा. माशाचे जेवण जेवून सुस्ती येते, हे खोटे नाही. पण त्या ताटात काय काय असते ते आठवावे. रव्यात घोळवून तेलात तळलेली तुकडी, वाटलेल्या खोबऱ्याची दाट आमटी आणि त्यावर दोन वेळा वाढून घेतलेला भात. सुस्ती या सगळ्याची असते आणि नाव मात्र माशाचे होते. माशाचे मांस स्वभावतः कोवळे. प्राण्यांच्या मांसाला जोडून ठेवणारे चिवट तंतू त्यात फार कमी, आणि जे असतात ते थोड्याशा उष्णतेने विरघळतात. बोकडाचे मटण शिजायला तास लागतो आणि बांगडा दहा मिनिटांत होतो, त्याचे कारण हेच. जे अन्न चुलीवर इतक्या सहज मोकळे होते, ते पोटातही सहज मोकळे होते. तळलेला साबुदाणा वडा हलका आणि पाण्यात शिजवलेली तारली जड, असे म्हणणे निरीक्षणाला धरून नाही.

वास आणि वेळ

समुद्रातल्या माशांच्या अंगात एक बिनवासाचे द्रव्य असते. मासा मेल्यावर जिवाणू त्याचे रूपांतर ट्रायमिथाइल अमाइनमध्ये करतात; आपल्याला जो वास येतो तो याचा. म्हणून ताज्या माशाला समुद्राचा वास येतो आणि शिळ्या माशाला माशाचा. हा अमाइन आम्लाला बांधला जातो आणि मग उडत नाही. आपल्या किनाऱ्यावर कोकम, चिंच, लिंबू किंवा कैरीखेरीज मासा शिजत नाही, आणि बांगड्या-तारलीत तर ठेचलेली तिरफळेही पडतात. चवीसाठी केलेली ही योजना वासाचाही बंदोबस्त करते. घरभर रेंगाळणारा वास बहुतेक वेळा तळणीचा असतो. झाकण ठेवून शिजवलेल्या तिखल्याचा, म्हणजे बिनखोबऱ्याच्या कालवणाचा, वास तितका पसरत नाही.

वेळेची अडचण खरी आहे, पण ती जुन्या न्याहारीने केव्हाच सोडवली होती. कालची कडी आदल्या दिवशीच तयार असते. सुकट दहा-पंधरा मिनिटांत होते. पेज कुकरमध्ये लावता येते. मासे साफ करण्याचे काम मासळी विकणारी बाई बाजारातच करून देते. इडलीसाठी आदल्या दिवशी डाळ-तांदूळ भिजवणाऱ्या घराला रात्री एक तिखले करून ठेवणे अवघड जाऊ नये.

सॅमन कशाला?

पाचव्या मताचा हेतू चांगला आहे. ओमेगा-3 स्निग्धाम्ले हृदयाला हितकर असतात आणि त्यांतली दोन महत्त्वाची, ईपीए आणि डीएचए, तेलकट समुद्री माशांतून थेट मिळतात. जवस आणि अक्रोडातले ओमेगा-3 वेगळे. शरीर त्यातले फारच थोडे या दोहोंत बदलू शकते. इथपर्यंत मी सहमत आहे. पण त्यासाठी सॅमनच हवा, हे कोणी ठरवले? सॅमन आपल्या समुद्रात नाही. हॉटेलांच्या यादीत 'इंडियन सॅमन' म्हणून जो असतो तो आपला रावस. मासा उत्तम, पण सॅमनच्या कुळाशी त्याचे नाते नाही. परदेशातून बर्फात येणारा सॅमन महाग, आणि धुरावलेला असेल तर त्यात मीठही बरेच. तारली आणि बांगडा हे दोन्ही तेलकट मासे आहेत, ओमेगा-3 ने समृद्ध आहेत आणि आपल्या बाजारातल्या स्वस्त मासळीत मोडतात. तारलीला गरिबाची मासळी म्हणून नाक मुरडायचे आणि त्याच द्रव्यासाठी कॅप्सूल विकत घ्यायच्या, हा व्यवहार शहाणपणाचा नाही.

मंडन

खंडन इतके पुरे. सकाळी मासळी का खावी, याचे उत्तर आपल्या आजच्या न्याहारीच्या उणिवेत आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी 2020 मध्ये दिलेल्या शिफारशीप्रमाणे 65 किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला 54 ग्रॅम आणि 55 किलोच्या स्त्रीला सुमारे 46 ग्रॅम प्रथिने लागतात. 50 ग्रॅम कोरड्या पोह्यांतून त्यातली साडेतीन-चार ग्रॅम मिळतात. साबुदाण्यात तर ती जवळजवळ नाहीतच. खिचडीला जे काही बळ आहे ते शेंगदाण्याच्या कुटाचे. असा नाश्ता करून निघालेल्या माणसाला अकरा वाजता पुन्हा भूक लागते आणि तो चहा-बिस्किटांकडे वळतो. प्रथिनांनी पोट अधिक वेळ भरलेले राहते, हे आहारशास्त्रात सर्वमान्य आहे.

आता मासळी पाहा. 100 ग्रॅम ताज्या बांगड्यात साधारण 18 ते 20 ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे एका मध्यम बांगड्यातून 15 ग्रॅमच्या आसपास सहज मिळतात. ताज्या बोंबलात पाणीच फार. तो सुकला की 100 ग्रॅममागे प्रथिने 60 ग्रॅमच्या पुढे जातात. 25 ग्रॅम सुकटीतून 12 ते 15 ग्रॅम मिळतात. याशिवाय मासळीत बी-12 जीवनसत्त्व असते, जे वनस्पतींतून मिळत नाही. तेलकट माशांत ड जीवनसत्त्व असते, जे फार थोड्या पदार्थांत आढळते. आणि काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या बारीक मासळीत कॅल्शियम असते.

करायचे कसे, तेही सांगतो. सुकट कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजावी, चाळणीत चोळून तिच्या मिशा आणि माती झाडावी आणि दोन पाण्यांतून धुवावी. चमचाभर तेलावर कांदा, ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची परतून हळद, दोन आमसुले आणि सुकट घालावी, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवावे. पाच मिनिटांत भाकरीबरोबर खायला तयार. तारलीचे किंवा बांगड्याचे तिखले याहून सोपे: लाल तिखट, हळद, कोकम, बी काढून ठेचलेली तिरफळे आणि थोडे पाणी, खोबरे नाही. रात्री केलेले तिखले सकाळी अधिक मुरते आणि पेजेबरोबर जे लागते त्याला तोड नाही. सवड असेल त्या दिवशी घावणे आणि तिसऱ्यांचे सुके करावे. शिजवताना ज्या शिंपल्या उघडणार नाहीत त्या टाकून द्याव्यात. प्रत्येक ताटात एक हिरवी गोष्ट असावी, काकडीची कोशिंबीर किंवा परतलेली माठाची भाजी, कारण मासळीत आहारातले तंतुमय पदार्थ नाहीत.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. बांगडा आणि तारली उन्हात-उकाड्यात बर्फावाचून राहिली तर त्यांत हिस्टामिन तयार होते आणि ते शिजवल्याने नष्ट होत नाही. अंगावर पित्त उठल्यासारखा त्रास होतो. म्हणून डोळे स्वच्छ, कल्ले लाल आणि बोट दाबल्यावर मांस परत वर येते अशीच मासळी घ्यावी. रात्रीचे कालवण शिजल्यावर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे आणि सकाळी एकदा खळखळून उकळावे. मुशी आणि मोठी सुरमई यांसारख्या शिकारी माशांत पारा साठतो. गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी बारीक मासळीच पसंत करावी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. बोंबील आणि जवळा आपल्याकडे बहुधा मिठावाचून उन्हात सुकवतात, पण खाऱ्या बांगड्यात मीठ भरपूर. तो भिजवून, पाणी टाकून, थोडाच खावा, आणि रक्तदाब असेल त्यांनी टाळावा. संधिवाताचा गाऊट हा प्रकार, मूत्रपिंडाचा विकार किंवा कोळंबी-शिंपल्यांची ॲलर्जी असेल तर वैद्याचा सल्ला आधी. आणि जे मासळी खात नाहीत, किंवा सोमवार, श्रावण पाळतात, त्यांच्या व्रताचा मला आदर आहे. मुगाचे धिरडे आणि मोडाची उसळ त्यांना हेच काम करून देतील.

निर्णय

परंपरा मासळीच्या बाजूने आहे. आयुर्वेदाचा निषेध सवयीचा आणि दुधाच्या संयोगाचा आहे. जडपणा तळणीचा आणि दाट वाटपाचा आहे. वासावर कोकम आहे आणि वेळेवर आदली रात्र आहे. सॅमनची गरज नाही. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस मासेमारी बंद असते. तेव्हाही उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली सुकट घरात असते, आणि ती नेमकी याच दिवसांसाठी ठेवण्याची रीत आहे.

म्हणून मासे खाणाऱ्या वाचकाला माझे सांगणे एवढेच. आठवड्यातल्या दोन सकाळी पोह्यांना सुट्टी द्या. एक दिवस भाकरी आणि सुकट, दुसऱ्या दिवशी पेज आणि तारलीचे तिखले, एवढे महिनाभर करून पाहा. घरात जुने कोणी माणूस असेल, तर त्याला सकाळच्या पंगतीला बसवून त्याच्या लहानपणी पेजेबरोबर काय असे ते विचारा. पाककृतींच्या पुस्तकांनी जे लिहून ठेवले नाही, ते त्याच्याकडून मिळेल.